मांजर खुर्चीवर होती की खुर्चीखाली?

आज डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय. लांबण लागली तर माफ करा.

चौथीचा इंग्रजीचा तास. चाळीस मुलं, वीस जोड्या. प्रत्येक जोडीत दोन चित्रं, दिसायला सारखी पण सात ठिकाणी वेगळी. आपलं चित्र दाखवायचं नाही, इंग्रजीत विचारत विचारत फरक शोधायचे. तिसऱ्या बाकावरचा एकजण मध्ये वही उभी धरून विचारत होता, "इज युवर कॅट ऑन द चेअर?" शेजारचा जवळजवळ ओरडलाच, "नो! माय कॅट इज..."

आणि दार उघडलं. दारात मुख्याध्यापक सर. "काय बाजार मांडलाय? गप्प बसा सगळे!" बसली बिचारी. मग माझ्याकडे वळून, मुलांच्या देखत, "मॅडम, शिकवून झालं की मग खेळ घेत जा."

शिकवून झालं की मग? अहो, तेच शिकवणं चाललं होतं!

साधा हिशेब करा. चाळीस मिनिटांचा तास, त्यातली वीस मिनिटं मीच बोलते असं धरा. उरलेली वीस मिनिटं चाळीस जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट, आणि तेही "येस टीचर" म्हणण्यात संपतं. जोडीत दहा मिनिटं दिली की प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला मिळतं. आपण सगळे वर्षानुवर्षं इंग्रजी शिकलो ना? मग पहिल्या मुलाखतीत दातखीळ का बसली? आपले वर्ग तर कसे छान शांत होते!

हो, शेजारच्या वर्गात चाचणी चालू होती. मला आधी विचारायला हवं होतं. तेवढं मान्य.

पण गंमत सांगते. हेच दोघं, तिसऱ्या बाकावरचे. वर्षाच्या सुरुवातीला मी पहिल्यांदा असली चित्रं वाटली आणि "जोडीने करा" म्हणून मोकळी झाले. या पठ्ठ्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली, मिनिटाभरात सातही फरकांना गोल केले आणि हाताची घडी घालून बसले. इंग्रजी सोडा, कुठल्याच भाषेत एक अक्षर नाही. त्या दिवशी दार उघडलं असतं तर मला शाबासकी मिळाली असती.

चूक त्यांची नव्हतीच, मी दिलेलं काम न बोलताच होण्यासारखं होतं. तेव्हापासून मध्ये वहीची भिंत. आधी एका मुलाला पुढे बोलावून त्याच्याबरोबर मीच करून दाखवते. लागणारी वाक्यं फळ्यावर लिहून ठेवते. "समजलं का?" विचारणं सोडलं, कारण त्याचं उत्तर कायम "हो"च येतं. त्याऐवजी विचारते, आधी कोण विचारणार? चित्र दाखवायचं का? आणि कागद सगळ्यात शेवटी वाटते. एकदा कागद हातात पडला की माझं ऐकतंय कोण! हात वर केला की थांबायचं, हे ठरायला मात्र तीन आठवडे गेले, खोटं कशाला बोलू.

आता आपल्याच लोकांबद्दलही बोलते, राग आला तर येऊ दे. "सहा सहाचे गट करा" म्हणायचं आणि वह्या तपासत बसायचं, याला गटकाम म्हणत नाहीत. सहातला एक हुशार सगळं लिहितो, दोघं बघतात, बाकीचे पेन्सिलीवरून भांडतात. प्रत्येकाकडे इतरांना लागणारं काहीतरी असलं पाहिजे. १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञांनी हेच केलं. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी पटत नव्हतं. त्यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एक एक दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. जिगसॉ म्हणतात त्याला. मी चौघांचेच गट करते, पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळायचं की झालं. टेबलं हलवण्यात तास घालवायची गरजच नाही.

मुलं मध्येच मराठीत घसरतात, हेही खरं. चुकीचं इंग्रजीही बोलतात. मी फिरत फिरत चुका टिपते आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर घेते. मध्येच टोकलं की तोंडं मिटतात.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. सरांचाही नाईलाज असेल, त्यांनाही वरून कुणीतरी विचारत असेल. पण मुलांसमोर नको होतं.

घंटा झाल्यावर तो तिसऱ्या बाकावरचा मागे मागे आला. चित्र अजून छातीशी धरलेलं.

"बाई, त्याची मांजर कुठे होती?"

"अरे, तास संपला. बघ की त्याचं चित्र."

"नाही बाई, दाखवायचं नाही ना."

उद्या पहिली दहा मिनिटं तिसऱ्या बाकाची. दार आतून लावून घेणार आहे.