‘31 विषय, 25 मिनिटे’ : व्हॉट्सॲपवरील संदेशाचा प्रतिवाद

गेल्या पंधरवड्यापासून आमच्या गावातील जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरत आहे. आमची नगरपरिषद ‘क’ वर्गातील, म्हणजे लोकसंख्या 40 हजारांच्या आतली. त्यामुळे सकाळी निघालेला संदेश दुपारपर्यंत सगळ्या गावातून फिरून पुन्हा आपल्याच हाती येतो. सोबत सर्वसाधारण सभेची एक छोटी चित्रफीत आहे. संदेशाचे म्हणणे असे, की सभेत 31 विषय 25 मिनिटांत मंजूर झाले. त्यांतला पहिलाच विषय मागील सभेचे इतिवृत्त (कामकाजाची लेखी नोंद) वाचून कायम करण्याचा, म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा. याच सभेत गुपचूप घरपट्टी वाढवली गेली. गटारे तुंबलेली असताना बागेतल्या कारंज्याला पैसे दिले गेले. नागरिकाला सभेत शिरता येत नाही आणि एकदा ठराव झाला की त्याविरुद्ध कोणालाही काही करता येत नाही. तेव्हा यांच्यापेक्षा प्रशासकच बरा होता.

त्या सभेला मी मागच्या रांगेतील प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून होतो. संदेश लिहिणाऱ्याचा राग मला समजतो, कारण गटार माझ्याही घरासमोर तुंबते. परंतु रागाचा रोख चुकला, की ज्याच्यावर तो असायला हवा तो सहीसलामत सुटतो, आणि या संदेशात नेमके तसेच झाले आहे.

आधी 25 मिनिटांविषयी. चित्रफीत सभेच्या सुरुवातीची आहे आणि तेवढ्या वेळात 31 नव्हे, 21 विषय संपले. उरलेल्या 10 विषयांना जवळजवळ दीड तास लागला. तो भाग चित्रफितीत नाही. पहिले 21 विषय झटपट का संपले, हे विषयपत्रिका हातात घेतली की कळते. एक विषय इतिवृत्ताचा. नऊ विषय वार्षिक दरांचे, म्हणजे ब्लीचिंग पावडर, तुरटी, पथदिव्यांचे साहित्य, कचऱ्याचा ट्रॅक्टर, जेसीबीचे तासाचे भाडे यांसाठी आलेल्या निविदांपैकी सर्वांत कमी दराला मान्यता देण्याचे. पाच विषय कर्मचाऱ्यांचे : कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाच्या वारसाची अनुकंपा नियुक्ती. सहा विषय शासनाच्या योजनांतील कामांचे, ज्यांची अंदाजपत्रके तांत्रिक मंजुरी घेऊनच सभेपुढे आलेली होती. तुरटीच्या दरावर सभागृहात तासभर भाषणे झाली असती तर याच गटांवर ‘यांना दुसरे काम नाही’ असा संदेश फिरला असता, अशी माझी खात्री आहे.

मुख्य मुद्दा असा, की विषयाचा विचार सभागृहातच सुरू होतो आणि तिथेच संपतो, ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 नुसार सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी सदस्यांना द्यावी लागते. सूचनेसोबत विषयपत्रिका जाते आणि प्रत्येक विषयाला कार्यालयाची टिपणी जोडलेली असते : प्रस्ताव कोणत्या विभागाचा, खर्च किती, तो कोणत्या लेखाशीर्षातून, आधीचा ठराव कोणता. त्याशिवाय बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण, नियोजन, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या असतात आणि त्यांच्यावर स्थायी समिती असते. सदस्याने टिपणी घरी वाचली असेल तर सभेत ‘मंजूर’ एवढे म्हणणे पुरेसे असते. सगळे सदस्य ती वाचतात असा माझा दावा नाही. एका सन्माननीय सदस्यांनी त्या दिवशी सभागृहात बसल्यावरच लिफाफा फोडला, हे मी पाहिले. पण त्यांच्याच शेजारच्या सदस्यांच्या पत्रिकेवर पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि दुकानगाळ्यांच्या विषयावर बोलल्या त्या त्याच.

हा गाळ्यांचा विषय सांगण्यासारखा आहे. आठवडी बाजाराच्या कडेला नगरपरिषदेचे गाळे आहेत आणि त्यांतील काहींच्या भाडेपट्ट्याची मुदत संपली आहे. टिपणीत सध्याच्याच भाडेकरूंना मुदतवाढ देण्याची शिफारस होती. बाईंनी दोनच प्रश्न विचारले : गाळ्यांचे भाडे शेवटचे कधी ठरवले गेले, आणि अधिनियमाच्या कलम 92 प्रमाणे भाडेपट्ट्यासाठी लागणाऱ्या मंजुरीचे काय. पहिल्या प्रश्नाला कर विभागाच्या लिपिकाने दिलेले उत्तर ऐकून दोन सदस्यांनी माना खाली घातल्या. विषयावर चाळीस मिनिटे वाद झाला, कोणीतरी ‘गरीब दुकानदारांच्या पोटावर पाय’ हे नेहमीचे वाक्यही टाकले, आणि अखेर भाड्याचे नव्याने मूल्यांकन करून विषय पुढील सभेपुढे ठेवावा, असे ठरून तो तहकूब झाला. नगरपरिषदेच्या दरवर्षीच्या उत्पन्नाशी थेट संबंध असलेला हा त्या सभेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

इतिवृत्त वाचून कायम करण्याच्या विषयाची संदेशात थट्टा केली आहे. त्याकडे मी शेवटी वळेन, कारण माझ्या मते पत्रिकेवरील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगाचा विषय तोच आहे.

घरपट्टी त्या सभेत वाढली नाही. जो विषय मंजूर झाला तो चतुर्वार्षिक फेरआकारणीसाठी मालमत्तांचे सर्वेक्षण करण्याचा. आकारणी कशी होते हे येथे सांगणे भाग आहे, कारण बहुतेक नागरिकांना तिची गाठ थेट बिलावरच पडते. मालमत्तेचे वर्षाचे अपेक्षित भाडे धरले जाते, त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा होतात आणि जे करयोग्य मूल्य उरते त्यावर ठरलेल्या दराने कर बसतो. म्हणजे बिल दोन कारणांनी वाढू शकते, दर वाढला म्हणून किंवा मूल्य वाढले म्हणून. दराचा विषय पत्रिकेवर नव्हताच. मूल्याची यादी तयार झाली की ती प्रसिद्ध करावी लागते, हरकतींसाठी मुदत द्यावी लागते, हरकतींवर सुनावणी घ्यावी लागते, आणि मगच ती अंतिम होते. ज्यांनी गेल्या काही वर्षांत वर एक मजला चढवला आणि नगरपरिषदेला कळवले नाही, त्यांचे बिल सर्वेक्षणानंतर वाढेल, हे खरे आहे. आमच्या आळीत अशी घरे कोणती, हे मला पाठ आहे, आणि संदेश पुढे पाठवण्यात सर्वांत आघाडीवर कोण होते, हेही. इतरांनी घाबरण्यापेक्षा हरकतीच्या मुदतीवर लक्ष ठेवावे. बिल भरण्याची मुदत गेल्यावर चढलेल्या थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते आणि ती कोणत्याही संदेशाने कमी होत नाही.

कारंज्याच्या बाबतीत संदेशाचा राग निम्मा बरोबर आहे. चूक एवढीच, की गटाराचे पैसे कारंज्याला गेलेले नाहीत. छोट्या नगरपरिषदेकडे येणाऱ्या पैशाला जन्मतःच नाव चिकटलेले असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) अनुदानातील 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच होती. उरलेली 40 टक्के अबंधित होती, पण तिच्यातूनही पगार करता येत नव्हते. दलित वस्ती सुधारणेचा निधी त्याच वस्तीत खर्च करावा लागतो. नगरोत्थान योजनेचा पैसा मंजूर झालेल्या कामालाच लागतो. कारंजे शासनाच्या वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या निधीतून होत आहे आणि तो निधी गटाराच्या गाळावर खर्च करता आला नसता. गाळ काढायचा तो स्वनिधीतून, म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि त्या गाळ्यांच्या भाड्यातून. गाळ्यांचे भाडे जुनेच राहिले तर गाळ का राहतो, याचे उत्तर तिथे मिळते.

मात्र कारंज्याविषयी विचारण्याजोगे दोन प्रश्न आहेत आणि संदेशाने ते विचारले नाहीत. वैशिष्ट्यपूर्ण निधीसाठी कामांची यादी कोणी पाठवली, आणि त्या यादीत एखाद्या मोठ्या बंदिस्त नाल्याऐवजी कारंजे कोणाच्या सूचनेवरून घातले गेले? दुसरा प्रश्न अधिक साधा आहे : कारंजे बांधायला शासन पैसे देईल, पण त्याच्या मोटारीचे आणि दिव्यांचे वीजबिल कोण भरणार? ते स्वनिधीतूनच भरले जाणार. गटाराचे पैसे कारंज्याकडे वळणार असतील तर ते बांधल्यानंतर, दर महिन्याच्या बिलातून.

सभेत नागरिकाला शिरता येत नाही, हे कायद्याला धरून नाही. सभा जनतेसाठी खुली असते. एखाद्या विषयावर बंद दाराआड विचार व्हावा, असे पीठासीन अधिकाऱ्याला वाटले तरच अपवाद. बोलता मात्र येत नाही, फक्त ऐकता येते. व्यवहारात काय होते तेही सांगतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातल्या शिपायाने ‘पास आहे का?’ असे विचारले. असा कोणताही पास अस्तित्वात नव्हता. मी अधिनियमाच्या कलम 81 ची छायाप्रत दाखवली, तो ती घेऊन आत गेला, पाच मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, ‘बसा, पण मागं बसा.’ आता तो मला पाहिले की स्वतःच खुर्ची ओढून देतो.

ठराव झाला की सारे संपले, हेही खरे नाही. बेकायदा, लोकहिताला बाधक किंवा शांतताभंगाला कारण ठरणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार कलम 308 ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे आणि त्यासाठी नागरिक लेखी अर्ज करू शकतो. अर्जात ठराव क्रमांक, तारीख आणि कोणत्या तरतुदीचा भंग झाला हे लिहिले, तर त्याची दखल घ्यावी लागते. ‘सगळे चोर आहेत’ एवढेच लिहिले, तर तो अर्ज फाइलमध्ये जातो.

आता प्रशासकाविषयी. राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांची 2016च्या अखेरीस निवडून आलेली मंडळे पाच वर्षांनी संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावरील न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घेण्याचे आदेश दिल्यानंतर 2 डिसेंबर 2025 रोजी मतदान झाले, काही ठिकाणी ते 20 तारखेला झाले, आणि 21 डिसेंबरला निकाल लागले. म्हणजे जवळपास चार वर्षे प्रशासक होते. त्या काळात कामे पटापट होत, असे संदेश म्हणतो. काही कामे झाली, हे मान्य. परंतु त्या काळातील ठरावांची नोंदवही मी पाहिली आहे. आमच्याकडे मुख्याधिकारी हेच प्रशासक होते. टिपणी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने सादर होई आणि त्याखाली प्रशासकांच्या सहीने मंजूर होई. अक्षर एकच, शाई एकच, तारीखही बहुधा एकच. ठराव मांडणारा सूचक नाही, त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक नाही, ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणणारे कोणी नाही. ज्या गाळ्यांवर परवा चाळीस मिनिटे वाद झाला, त्यांचा विषय त्या चार वर्षांत एकदाही वहीत आलेला नाही. ज्याला 25 मिनिटांत 31 विषय संपण्याचा संताप येतो, त्याला एका माणसाने एका सहीत विषय संपवल्याचे समाधान कसे वाटते, हे मला उमगलेले नाही.

संदेशाने जे पाहिले नाही, ते शेवटच्या दहा मिनिटांत घडले. 31 विषय संपले, निम्मे सदस्य उठले, शिपाई चहाचे कागदी कप गोळा करू लागला, आणि तेवढ्यात ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून चार विषय वाचले गेले. त्यांची टिपणी कोणाकडेही नव्हती. एक विषय एका कार्यक्रमाच्या मंडप व ध्वनिक्षेपकाच्या खर्चाला कार्योत्तर, म्हणजे खर्च झाल्यानंतरची, मंजुरी देण्याचा होता. रक्कम वाचली गेली ती खुर्च्या सरकवण्याच्या आवाजात मला ऐकू आली नाही. सूचक कोण, अनुमोदक कोण, तेही कळले नाही. चारही विषय मंजूर झाले असे पीठासनावरून सांगण्यात आले आणि सभा संपली. अचानक उद्भवलेल्या अडचणीसाठी अशी सोय असायला हवी. जलवाहिनी फुटली तर सात दिवसांची सूचना काढत बसता येत नाही. मंडप मात्र फुटत नसतो.

या चार विषयांचे नेमके शब्द, रक्कम आणि सूचक-अनुमोदकांची नावे इतिवृत्तात लिहिली जातील. ते इतिवृत्त पुढील सभेत वाचून कायम होईपर्यंत त्यातील चुकीच्या नोंदीवर सदस्य हरकत घेऊ शकतात. उपस्थित नसलेल्याचे नाव अनुमोदक म्हणून पडले असेल तर ते तिथेच उघड होते. मी प्रतीसाठी अर्ज दिला आहे आणि पेन्सिलीच्या खुणा करणाऱ्या बाईंनाही त्याची कल्पना दिली आहे. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा व्हावी लागते, त्यामुळे पुढील सूचना लवकरच फलकावर लागेल, आणि विषय क्रमांक 1 असेल : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.