'ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळतच नाही' म्हणे!

माझ्या मामेभावाला पस्तिशीत ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं. महिना उलटतो न उलटतो तोच त्याच्या बायकोच्या फोनवर तो फिरता मेसेज येऊन थडकला: 'ऑटिस्टिक व्यक्तींविषयी पाच कटू सत्यं'. तिने तो मला पाठवून विचारलं, "ताई, हे खरं आहे का?" मी स्वतः ऑटिस्टिक, म्हणून मला. तर घेऊ एकेक.

'1985 मध्येच सिद्ध झालंय की त्यांना दुसऱ्याचं मन कळत नाही.'

लिहिणाऱ्याने त्या वर्षीचा मूळ प्रयोग वाचलेला दिसत नाही. सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. सॅली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, मागे अ‍ॅन ती काढून डब्यात टाकते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? टोपलीत, कारण अदलाबदल तिने पाहिलेलीच नाही. 20 ऑटिस्टिक मुलांपैकी 16 जणांनी डबा दाखवला. हे खरं. उरलेल्या 4 जणांनी बरोबर टोपली दाखवली, ते मेसेजमधून गायब! आणि ही सगळी मुलं होती हो. त्यावरून संसार करणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाचा निकाल लावायचा? पुढे 1995 मध्ये पीटरसन आणि सीगल या संशोधकांनी कर्णबधिर मुलांना असंच कोडं घातलं. ऐकू येणाऱ्या घरांत वाढलेली, खाणाखुणांची भाषा उशिरा मिळालेली ही मुलं. त्यांतलीही बरीच अडखळली. मग त्यांनाही मन कळत नाही म्हणणार? मनातलं बोलणं कानांवर किंवा डोळ्यांवर पडलं नाही, की ते उमगायलाही उशीर होतो.

'त्यांना दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही.'

समोरच्याचं काय बिनसलंय हे ओळखणं वेगळं, आणि कळल्यावर पोटात तुटणं वेगळं. पहिल्यात आम्ही अडखळतो. पोटात तुटण्याचं तर विचारूच नका, कुणी रडलं की माझी रात्रीची झोप जाते.

'मोठेपणी हे शिकता येत नाही, जोडीदाराने आशा सोडावी.'

संताप येतो तो याचा. स्वतःवरून जग ओळखावं, असं आपल्याकडे म्हणतात. आमची गोची तिथेच होते. माझा आकडा चुकला तर तो तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगितलेला मला आवडतो. दुसऱ्याला तो अपमान वाटतो. हे आतून आपोआप कळत नाही, पण विचारता येतं. मीटिंगमध्ये कुणाची चूक दिसली की मी हल्ली कागदावर टिपते आणि नंतर त्या व्यक्तीला विचारते, "एक दिसलंय, आत्ता सांगू की मेल करू?" उत्तर माणसागणिक वेगळं येतं, ते लक्षात ठेवते. शिकणं म्हणजे आणखी काय असतं?

हिशेब मांडून करावं लागतं, हे मान्य. दमायला होतं, आणि दिवसभराच्या गोंगाटानंतर संध्याकाळी अजिबात जमत नाही. मेसेजमधलं पावशेर सत्य एवढंच.

'संवादात अडचण येते ती त्यांच्यामुळेच.'

नीट ऐकायचं असलं की मी खाली बघते. समोरचा स्वतःवरून जग ओळखतो आणि ठरवतो, हिला कंटाळा आलाय. इथे मन कुणाला कळलं नाही? डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने 2012 मध्ये हेच मांडलं: गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, शिक्का मात्र एकाच बाजूवर बसतो. माझ्या वहिनीने नवऱ्याला "तू खाली का बघतोस?" एवढं एकदा विचारलं तरी पुष्कळ.

'हा मेसेज प्रत्येक घरात पोहोचवा.'

पोहोचवा. फक्त त्या 4 मुलांना आत घेऊन पोहोचवा.