आजीला वेगळे ठेवायचे कुठे?
कोविडच्या साथीत टाळेबंदी न करता वृद्ध व आजारी माणसांनाच जपावे आणि इतरांनी नेहमीचे व्यवहार चालू ठेवावेत, असा विचार एका लेखात मांडला आहे. टाळेबंदीला विरोध करणाऱ्या काही शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२० मध्ये काढलेल्या ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनाम्यातलाच हा विचार आहे. परंतु गोव्यात फोंडा, डिचोलीकडच्या ज्या घरांत आजी, सून आणि शाळकरी नातवंडे एकाच स्वयंपाकघरात वावरतात आणि मुलगा रोज कदंब बसने वेर्ण्याच्या कारखान्यात जातो, तिथे आजीला वेगळे ठेवायचे म्हणजे नेमके कुठे? शिवाय कोविडचा संसर्ग लक्षणे दिसण्याआधी एक-दोन दिवसांपासूनच पसरू लागतो, त्यामुळे तिची सेवा करणाऱ्यालाही आपण काय घेऊन आलो आहोत हे कळत नाही. जून २०२० मध्ये वास्कोच्या मांगोरहिलच्या दाट वस्तीत संसर्ग असा पसरताना आपण पाहिला आहे. टाळेबंदीत रोजंदारीवरच्या माणसांचे अतोनात हाल झाले, हे मला मनापासून मान्य आहे. म्हणूनच त्यांना घरपोच शिधा आणि आजारपणात भरपगारी रजा मिळावी, असे मला वाटते.