आवाज आधी, चित्र मागून

सावद्याच्या बसस्टँडजवळ चहाची टपरी आहे, तिला लागून बंद पडलेल्या दुकानाचा ओटा. संध्याकाळी सात ते साडेआठ तो आमचा. परवा आप्पा आले ते मोबाईल तोंडासमोर धरूनच. ओट्याच्या पायरीला ठेचकाळले, पण नजर काही स्क्रीनवरून हलली नाही.

"बघा भो, माझी गाडी. लाईव्ह!"

स्क्रीनवर चार चौकोन. एकात रस्ता, एकात उस्ताद म्हणजे ड्रायव्हर, एकात मागची ताडपत्री. चौथा काळा.

"तो कायले काळा?" मास्तरांनी विचारलं.

"तीनच कॅमेरे घेतले. चौथ्याचे पैसे निराळे होते."

आप्पांच्या तीन गाड्या. केळी भरून दिल्लीच्या आझादपूर मंडीला जातात, हजार-अकराशे किलोमीटर. ही दुपारीच भरून निघालेली.

ओट्याच्या टोकाला आमचे जुने उस्ताद बसले होते. तीस वर्षं दिल्ली लाईन मारली, आता गुडघे धरून बसतात. ते म्हणाले, "आप्पा, माझ्या तोंडासमोर असा डोळा लावला असता तर गाडी बऱ्हाणपुरात उभी करून मी बसनं घरी आलो असतो."

"का? चोरी करतोस का तू?"

"चोरी कायले करू? केबिनमध्ये मी जेवतो, झोपतो, कपडे बदलतो. ते माझं घर आहे. तुझ्या माजघरात कॅमेरा लावला अन् मी इथून बघत बसलो तर चालेल तुले?"

मास्तरांना तेवढंच पाहिजे होतं. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, इथून त्यांनी सुरुवात केली. पुढे ते कुठवर गेले असते देव जाणे. तेवढ्यात चहा आला.

"अन् आता तर सरकारनंच कॅमेरा सक्तीचा केलाय," आप्पांनी मध्येच ठोकून दिलं.

"नाही हो आप्पा," वायरमन म्हणाला. हा पोरगा गाड्यांची वायरिंग करतो, ही मशीनं तोच बसवतो. "तुम्ही म्हणता ते एआयएस-१४०, गाडीतल्या यंत्रांचं सरकारी मानक. त्यात गाडीचं ठिकाण कळायचं यंत्र अन् पॅनिक बटण, ते पण मुळात प्रवासी गाड्यांसाठी. कॅमेरा तुमच्या हौसेचा."

"हौस नाही. दीड महिन्यापूर्वी रात्री दोनला हा चौकोन काळा झाला. मले वाटलं, कॅमेऱ्यावर गमछा टाकला. सतरा फोन केले."

"मग?"

"घाट होता. रेंज नव्हती."

सगळे हसले. आप्पा सोडून. वायरमननं मग बोटानं ओट्यावर रेघा मारत समजावलं, आणि मला तरी तेव्हाच नीट कळलं. गाडी सतत चित्र पाठवत नसते. आपण लाईव्ह दाबलं की सर्व्हर गाडीतल्या मशीनला सांगतो, मग मशीन सिमवरून चित्र धाडायला लागतं. ते चित्र मुद्दाम बारीक केलेलं असतं. मोठं चित्र मशीनच्या कार्डावर साठतं. १ एमबीपीएसच्या वेगानं एक कॅमेरा तासभर पाहिला तर ४५० एमबी जातात. तीन कॅमेरे म्हणजे तासाला १.३५ जीबी. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर जेवणं उरकेपर्यंत संपला.

"म्हणून दुपारनंतर गोल गोल फिरतं होय!" आप्पा.

"तुम्हीच बघून संपवता."

मग त्यानं खरी कामाची गोष्ट सांगितली. खंडव्याजवळ एका गाडीला उलट्या बाजूनं मोटरसायकल येऊन धडकली. गर्दी जमली, दोष अर्थातच ट्रकवाल्याचा. लाईव्ह तेव्हा कोणीच बघत नव्हतं. पुढच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कार्डावरून काढलं, ते पोलिसांना दाखवलं, तेव्हा ड्रायव्हर सुटला. दुसऱ्या एका मालकानं असंच रेकॉर्डिंग मागितलं, पण आठ दिवसांनी. १२८ जीबीचं कार्ड, दोन कॅमेरे, गाडी जवळजवळ अखंड चालू. काही दिवसांतच जुन्यावर नवं चढतं. हाती काही लागलं नाही.

"रस्त्याकडचा कॅमेरा लाव, मी हात जोडतो," जुने उस्ताद म्हणाले. "तो माझा साक्षीदार. पण तोंडाकडचा फक्त तुझ्यासाठी."

माझं मतही तेच आहे. आप्पांना केळी पिवळी पडायची धास्ती असते, ती खरी आहे. पण केळीवर तर कॅमेराच नाही.

"फक्त माझ्यासाठी? मागच्या महिन्यात गाडी चालवताना फोनवर बोलताना पकडला या गाडीच्या उस्तादाला," आप्पा उसळले. "२०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये, बसतं ते, मास्तरांना विचार. ५०० रुपये कापले पगारातून. आता बघा, सुधारला की नाही." आणि त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. वायरमनच्या मोबाईलवर लाईव्ह उघडून घेतलं, आपला स्पीकरवर टाकला.

रिंग वाजली. चित्रात उस्तादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

"पाहिलं? उचलत नाही."

"हॅलो आप्पा," स्पीकरमधून आवाज आला.

चित्रात हात अजून स्टिअरिंगवरच. आम्ही पाचही जण त्या एवढ्याशा चौकोनावर वाकलो. पाच सेकंद, सात सेकंद. मग चित्रातला डावा हात सावकाश खिशाकडे गेला.

"चित्र मागून येतं," वायरमन हळूच म्हणाला.

जुने उस्ताद आप्पांकडे बघत होते. "आप्पा, मागच्या महिन्यात पकडला तेव्हा तो कोणाशी बोलत होता रे?"

आप्पा काही बोलेनात. स्पीकरवर उस्तादच बोलला, "आप्पा, उचलला तर पैसे कापता, नाही उचलला तर सतरा फोन करता. थांबा, गाडी बाजूला घेतो, मग सांगा काय ते."

फोन कट.

"पाचशे परत दे भो," मास्तर म्हणाले.

आप्पा चित्राकडेच बघत होते. त्यात उस्तादाचे ओठ आत्ता कुठे हलायला लागले होते.