समीरची नोकरी आणि बाळ्याचा हेडकाउंट

ऑफिसात करायला कामच नाही, काहीतरी काम द्या, असा मेल समीरनं साहेबाला पाठवला होता. साहेबाचं एका ओळीचं उत्तर आलं, 'एन्जॉय द क्वाएट फेज', आणि पुढे स्मायली. दोन्ही ग्रुपवर सगळ्यांनी वाचलं होतं. त्यामुळे तो कट्ट्यावर आला तेव्हा प्रस्तावनेची गरजच नव्हती.

"मग? केलंस का एन्जॉय क्वाएट फेज?" गोट्यानं विचारलं.

समीर काही बोलायच्या आत बाळ्यानं सूत्रं हातात घेतली. मॅनेजर झाल्यापासून तो कट्ट्यावरसुद्धा मीटिंगच चालवतो. "हे बघ समीर, पगार वेळेवर येतो? येतो. साहेब ओरडतो? नाही. मग तुझा इश्यू नेमका काय? माझ्या टीममधली पोरं अशा फेजसाठी तडफडतायत."

"रोज एक रिपोर्ट येतो," समीर म्हणाला, "त्यातले आकडे दुसऱ्या शीटमध्ये टाकायचे. मी मॅक्रो लिहून ते काम बटणावर आणलं. आता सकाळी बटण दाबायचं आणि संध्याकाळपर्यंत स्क्रीनकडे बघत बसायचं. ज्या कामासाठी माझे एवढे इंटरव्ह्यू घेतले, ते काम अजून समोरसुद्धा आलं नाही."

"मग अपस्किल कर! कोर्स कर एखादा!"

"जे येतं तेच तिथं कुणाला नकोय," वैशाली म्हणाली. "त्यात अजून भर कशाला?"

वैशालीनं एचआरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. ती बोलायला लागली की मी बाळ्याचं ऐकणं बंद करतो, हे आधीच सांगून टाकतो.

"रिकामं बसण्याचा त्रास असतोच," ती म्हणाली, "पण माणूस दमतो तो कामात असल्याचं नाटक करून. मागून कुणी गेलं की विंडो बदलायची, दहा मिनिटांच्या मेलला दोन तास लावायचे, उशिरापर्यंत थांबायचं. दोन स्विस सल्लागारांनी 2007 मध्ये या प्रकाराला बोअरआउट म्हटलं. हे नाटकसुद्धा त्यांनी त्यात धरलंय."

"मला तर हा आजार कॉलेजपासून आहे," गोट्या म्हणाला.

"तुला आजार नाही. तू वाहक आहेस."

बाळ्याला हे फार झालं. "उद्या म्हणाल, काम दिलं नाही म्हणून कोर्टात जा! कोण उभं करेल?"

"पॅरिसच्या अपील कोर्टानं केलंय, 2020 मध्ये," वैशाली म्हणाली. " एका परफ्यूम कंपनीनं आपल्या मॅनेजरला जवळजवळ काहीच काम न देता बसवून ठेवलं होतं. कोर्टानं तो मानसिक छळ धरला आणि भरपाई द्यायला लावली."

"ते फ्रान्स! तिथले मॅनेजर वेगळे असतात."

"मॅनेजर तेच रे. कोर्ट वेगळं आहे."

इथे खरं तर चर्चा संपायला हरकत नव्हती. पण बाळ्यानं "टीम कॉम्बिनेशन नावाची काही गोष्ट असते" हे वाक्य उच्चारलं आणि समीर एकदम ताठ बसला. कारण हेच वाक्य बाळ्यानं कॉलेजच्या फायनलच्या दिवशीही वापरलं होतं. सीझनभर विकेट काढणाऱ्या समीरला कॅप्टन बाळ्यानं त्या दिवशी एक ओव्हरही दिली नव्हती. पुढची बरीच मिनिटं पिच, दव, आणि अंपायर कुणाचा मामा होता यातच गेली.

"दव होतं तर तू स्वतःचा कोटा पूर्ण कसा टाकलास?" गोट्यानं विचारलं.

"जबाबदारी घ्यावी लागते," बाळ्या म्हणाला. पूर्ण गंभीरपणे.

वैशालीनंच गाडी रुळावर आणली. "समीर, सोडायच्या आधी एकदा नीट माग. 'काहीतरी काम द्या' असं नाही. मग काय द्यायचं याचा विचार साहेबाला करावा लागतो, आणि तेवढं तो करत असता तर ही वेळच आली नसती. अमुक काम पडून आहे, मी घेतो, या तारखेला देतो, असं लिहून दे. त्यावरही स्मायली आली तर बाहेर बघ. पण हातातली नोकरी ठेवून बघ. घाईत उडी मारशील तर पुन्हा असल्याच खुर्चीत जाऊन पडशील."

"राजीनाम्यानंतर साहेबाला जाग आली तर?" मी विचारलं.

"पगार वाढवतो म्हणेल. यानं पगार मागितलाय कुठं? हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्येच मांडून ठेवलंय. पगार कमी असला की माणूस कुरकुरतो, पण नुसता वाढला म्हणून कामात रस येत नाही."

समीर खाली बघत म्हणाला, "भीती वेगळीच आहे. परवा घरी बसून थोडा कोड लिहायला घेतला, तर साध्या साध्या गोष्टी शोधाव्या लागल्या." यावर बाळ्याजवळसुद्धा उत्तर नव्हतं. माझ्या मते खरा मुद्दा एवढाच होता. पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो, पण गेलेला हात कोण भरून देणार?

"इंटरव्ह्यूत काय सांगू? कंटाळलो?"

"रोजचं काम बटणावर आणलं आणि पुढं काम उरलं नाही, असं सांग. खरंही आहे आणि फुशारकीही झाली. मग तू त्यांना विचार, पहिल्या तीन महिन्यांत माझ्या हातात नेमकं काय असेल? जागा रिकामी का झाली? नवी असेल तर का काढली? उत्तर गोलगोल आलं तर आभार मानायचे आणि उठायचं."

एवढ्यात बाळ्यानं घसा साफ केला. "बाय द वे, माझ्याकडेच एक ओपनिंग आहे."

सगळे गप्प. समीरनं लगेच धडा वापरून बघितला. "नवी जागा?"

"हो."

"का काढली?"

"मंजूर झालीय ना! वर्ष संपायच्या आत भरली नाही तर बजेटमधून जाते. आणि माझा हेडकाउंट वाढला की माझी सीनियरची केस स्ट्राँग होते."

वैशालीनं कपाळाला हात लावला. "साहेबाला हाताखालची माणसं वाढवायची असतात, स्पर्धक नको असतात, हे पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं 1955 मध्ये लिहिलं. त्याला तेव्हा बाळ्या कुठं भेटला कोण जाणे."

"कोण पार्किन्सन? कुठल्या डिपार्टमेंटचा?"

"आणि पहिल्या तीन महिन्यांत मी काय करायचं?" समीरनं नेटानं विचारलं.

"ऑनबोर्डिंग," बाळ्या म्हणाला.

गोट्या हसता हसता कट्ट्यावरून घसरला, आणि बाळ्या ऑनबोर्डिंगचे टप्पे बोटांवर मोजून दाखवत राहिला.