माझं मन मला खात नाही

सहा वर्षांपूर्वी आम्ही वाडवडिलांच्या वाडीचा एक तुकडा विकला. वसईकरांना पुढचं सांगायला नको. काही रक्कम चेकने आली, काही पिशवीतून. दस्तावरचा आकडा वेगळा, हातात पडलेला वेगळा. त्या रात्री जेवताना मी बायकोला म्हटलं, "सगळेच करतात. माझं मन काही मला खात नाही." ती भात वाढत होती. वर न बघताच म्हणाली, "तुमचं मन कधीपासून तुमचा वकील झालं?"

हे आता आठवायचं कारण म्हणजे आमचा रविवारचा वर्ग. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर मी दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या) मुलांना धर्मशिक्षण देतो. पंधरवड्यापूर्वी एका मुलीने विचारलं, "सर, फादर एक सांगतात आणि मला आतून दुसरंच पटतं. मग ऐकायचं कोणाचं?" मी ठरलेलं उत्तर दिलं. प्रार्थना कर, मोठ्यांशी बोल, वगैरे. ती खाली बसली, पण तिच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलं होतं की सरांना येत नाहीये.

खरंच येत नव्हतं. म्हणून आठवडाभर वाचत बसलो, आणि जे सापडलं ते इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, सांभाळून घ्या.

आपल्या भाषेतला शब्दच किती अचूक आहे बघा: सदसद्विवेकबुद्धी. उच्चारताना जीभ अडखळते म्हणून आपण नुसतं 'मन' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. मनाला काहीही वाटतं. विवेकाचं काम निवडण्याचं, सत् कुठलं आणि असत् कुठलं. सोनाराच्या कसोटीच्या दगडासारखं. दगड सोनं तयार करत नाही, समोर आलेलं सोनं आहे की पितळ एवढंच सांगतो. कॅथलिक शिकवण थोडक्यात हीच आहे. बरं-वाईट माझ्या आधीपासून आहे, मी ते ठरवत नाही, मला ते ओळखायचं असतं. आणि ओळखल्यावर मात्र मला त्याच्याविरुद्ध वागता येत नाही, मग सांगणारा कोणी का असेना.

हे शेवटचं वाक्य आम्हाला लहानपणी कोणी शिकवलं नाही. आम्हाला पापांची यादी शिकवली. पापनिवेदनाच्या रांगेत उभं राहून बोटांवर मोजायची. यादीत नसेल ते चालतं असा आमचा समज. दस्तावरचा आकडा त्या यादीत नव्हता.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने याची पार टोकापर्यंत चर्चा केली आहे. एखाद्याचा विवेक चुकला असेल तर? तरीही तो त्याला बांधतो, असं थॉमस म्हणतो. जे करणं तुला मनापासून वाईट वाटतं ते तू केलंस, तर ती गोष्ट मुळात चांगली असली तरी तू पाप केलंस. पण लगेच पुढचा प्रश्न येतो: मग चुकलेल्या विवेकाने वागणारा निर्दोष का? दर वेळी नाही. जे कळून घेणं तुझं काम होतं ते तू कळूनच घेतलं नाहीस, तर त्या अज्ञानाचा हिशेब तुलाच द्यावा लागेल. हे वाचताना मला आमची पिशवी डोळ्यांसमोर आली. मन खात नव्हतं, कारण त्याला मी काही विचारलंच नव्हतं.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कॅथलिक विचारवंत कार्डिनल न्यूमन. त्याचं वाक्य बऱ्याच जणांना ठाऊक असतं, निदान अर्धं. १८७० साली पोपच्या अचूकतेचा (श्रद्धेबद्दल पोपने अधिकृतपणे केलेली घोषणा चुकू शकत नाही असा) सिद्धांत जाहीर झाला आणि इंग्लंडचे माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी आरोप केला की आता कॅथलिक माणूस आपल्या देशाशी इमान राखूच शकत नाही, त्याची बुद्धी रोममध्ये गहाण पडली. न्यूमनने १८७५ साली एका जाहीर पत्रातून उत्तर दिलं. जेवणानंतरच्या शुभेच्छांमध्ये धर्म आणायचाच असेल तर मी पोपच्या नावाने प्याला उचलेन, पण आधी विवेकाच्या नावाने, मग पोपच्या. हे वाक्य लोक टाळ्या घेत फेकतात. त्याच पत्रात न्यूमनने तक्रारही केली आहे की हल्ली विवेक म्हणजे आपल्या मर्जीने वागण्याचा हक्क असा अर्थ झालाय. विवेकाला हक्क आहेत, कारण त्याला कर्तव्यं आहेत. हा भाग कोणी उचलत नाही.

पण मुलांना न्यूमन सांगून काय उपयोग? गोष्ट हवी. मला मिळाली ती एका शेतकऱ्याची.

फ्रान्झ येगरश्टेटर. ऑस्ट्रियातलं सांक्ट राडेगुंड हे बव्हेरियाच्या सीमेलगतचं छोटं गाव, जन्म १९०७. आई अविवाहित, खरा बाप पहिल्या महायुद्धात मेला. तरुणपणी हा काही संत नव्हता. दंगेखोर म्हणून नाव, गावात पहिली मोटरसायकल याची, लग्नाआधी एक मुलगी. १९३६ मध्ये फ्रान्झिस्काशी लग्न झालं आणि जोडपं मधुचंद्राला रोमला गेलं. मग तीन मुली झाल्या. शेत, गुरं, सकाळची मिस्सा, पुढे गावच्या चर्चची देखभाल.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि वर सार्वमत घेतलं. गावातून विरोधी मत एकच पडलं, याचं. निकाल मात्र एकमताचा जाहीर झाला. इथे एक गोष्ट नीट बघा. १९३३ साली त्याच्या धर्मप्रांताच्या, म्हणजे लिंझच्या, बिशप गफ्योल्नर यांनी पत्रक काढलं होतं की चांगला कॅथलिक आणि खरा नाझी एकाच वेळी होता येत नाही. पाच वर्षांनी, मार्च १९३८ मध्ये, ऑस्ट्रियाच्या बिशपांनी लोकांना होकाराकडे वळवणारं निवेदन काढलं. फ्रान्झ पहिल्या पत्रकाला चिकटून राहिला. म्हणजे त्याने स्वतःचं वेगळं सत्य काढलं नव्हतं. चर्चने त्याला जे शिकवलं तेच त्याने धरून ठेवलं, चर्चची माणसं ते सोडून पुढे गेली तरी.

हा निर्णय काही एका रात्रीत झाला नाही. १९४० साली त्याला सैन्यात बोलावलं तेव्हा तो गेला, शपथही घेतली, प्रशिक्षणही केलं. काही महिन्यांनी शेतीसाठी सुटून घरी आला, बायबल वाचलं, लिहून काढलं, विचार केला आणि ठरवलं की आता पुन्हा नाही. त्याची समजूत घालायला कोण नव्हतं? आई, नातेवाईक, शेजारी. ज्या फादरना नाझींनी प्रवचनावरून तुरुंगात टाकलं होतं त्यांनीही त्याला परावृत्त करायचा प्रयत्न केला आणि नंतर कबूल केलं की त्याने शास्त्रवचनांनी मलाच गप्प केलं. तो नवे बिशप फ्लीसर यांना जाऊन भेटला. सरकार काय करतं याची जबाबदारी तुझ्यावर नाही, तुझी जबाबदारी तुझं कुटुंब आहे, असं बिशपांनी सांगितलं. बाहेर येऊन फ्रान्झ बायकोला म्हणाला, तेही घाबरलेत, मी हेर असेन असं वाटलं असेल त्यांना. मला या वाक्यात राग कुठेच दिसत नाही. कीव आहे. मी असतो तर बिशपांच्या नावाने घरी येऊन थयथयाट केला असता.

१ मार्च १९४३ ला तो छावणीत हजर झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने शस्त्र धरायला नकार दिला. जखमींची सेवा करायची तयारी दाखवली, ती मान्य झाली नाही. ६ जुलैला बर्लिनमध्ये लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला, ९ ऑगस्टला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात गिलोटिनखाली मान गेली. वय छत्तीस. लग्नाच्या तीन मुलींतल्या थोरलीला अजून सहा पूर्ण झाली नव्हती. तुरुंगातून त्याने लिहिलं होतं की मी बांधलेल्या हातांनी लिहितोय, पण इच्छाशक्ती बांधली जाण्यापेक्षा हे बरं.

स्वातंत्र्याबद्दल मी जे काही वाचलं त्यात हे मला सर्वांत जड वाटलं. आम्ही स्वातंत्र्य म्हणजे पर्याय समजतो, जितके जास्त तितकं बरं. याच्याकडे पर्याय जवळजवळ संपले होते आणि त्या सबंध न्यायालयात मोकळा माणूस बहुधा तोच.

युद्धानंतरही त्याला कोणी डोक्यावर घेतलं नाही. धर्मप्रांताच्या नियतकालिकात त्याच्यावर लेख छापायला बिशप फ्लीसर यांनीच मोडता घातला. सैनिक म्हणून कर्तव्य बजावून मेलेले तरुण त्यांना मोठे वाटत होते. गॉर्डन झान नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये पुस्तक लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. आणि इथे आपल्याकडचा एक धागा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेसमोर, म्हणजे रोममध्ये भरलेल्या जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेसमोर, ही कहाणी ठेवणारे थॉमस रॉबर्ट्स हे मुंबईचे माजी आर्चबिशप. जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू. भारतीय माणसाने ही जागा घ्यावी म्हणून स्वतः बाजूला झालेले, ज्यांच्यानंतर व्हॅलेरियन ग्रेशियस आले. वसई धर्मप्रांत १९९८ साली वेगळा झाला. त्याआधी आम्ही मुंबईचेच, म्हणजे माझ्या आजीआजोबांचे हे आर्चबिशप. त्यांच्याबद्दल आमच्या वर्गात कधी एक अक्षर ऐकलं नव्हतं. डिसेंबर १९६५ मध्ये परिषदेने दोन गोष्टी लिहून ठेवल्या. विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, आणि श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती करू नये.

आता कोणीतरी कमेंटमध्ये गोवा काढणारच, तर मीच काढतो. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, चालू होतं. १८३२ साली सोळाव्या ग्रेगरी पोपने विवेकस्वातंत्र्याला वेडेपणा म्हटलं होतं. पोर्तुगीज काळात माझ्या पूर्वजांपैकी किती जणांनी मनापासून बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं आणि किती जणांनी जमीन टिकावी म्हणून, हे मला कोणी सांगू शकत नाही. मी आज मनापासून कॅथलिक आहे, आणि ही कबुली दिल्याने माझ्या श्रद्धेला तडा जात नाही. उलट ती लपवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

गर्भनिरोधनावरचा वाद मी इथे उघडत नाही. पोपने बंदी कायम ठेवली त्या १९६८ पासून चालू आहे, त्यासाठी वेगळी पोस्ट लागेल. एवढंच म्हणतो की 'माझा विवेक' म्हणणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारावा: माझ्या विवेकाने मला शेवटचं नुकसान कधी केलं? माझं उत्तर बराच वेळ आलं नाही. आणि 'चर्च सांगतं तेवढं करा' म्हणणाऱ्यांनी लिंझच्या बिशपवाड्यातली ती भेट आठवावी.

या रविवारी मी ही गोष्ट सांगितली. वर्ग कधी नव्हे इतका शांत होता. मग मागच्या बाकावरचा मुलगा, जो एरवी फोनच बघत असतो, म्हणाला, "पण सर, त्याच्या मुलींना कोणी विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. मी तसंच सांगितलं. फ्रान्झिस्काने एकटीने शेत चालवलं, गावाचे टोमणे सोसले, विधवेची पेन्शन तिला १९५० पर्यंत मिळाली नाही. आधी तिनेही नवऱ्याची विनवणी केली होती. पण सगळेच त्याच्यावर तुटून पडले तेव्हा ती थांबली. मी उभी राहिले नसते तर त्याला कोणीच उरलं नसतं, असं ती पुढे म्हणाली. २००७ मध्ये लिंझच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्झला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा ती तिथे हजर होती, चौऱ्याण्णव वर्षांची. शंभर वर्षांची होऊन २०१३ साली गेली. मुलाचं समाधान झालं असं मला वाटलं नाही. माझंही झालेलं नाही.

घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. वरच्या मजल्यावर बसलो होतो, जो त्या पिशवीतूनच उभा राहिलाय. सोमवारी सीएला फोन केला, एवढ्या वर्षांनी तो फरक दाखवून कर भरता येतो का म्हणून. तो मोठ्याने हसला. म्हणाला, "सर, तब्येत बरी आहे ना?"

बायको म्हणाली, "मग दुसरा सीए बघा."