एअरलाइन बुडवताय? आधी कोडचं बघा

समजा तुम्ही एअरलाइन काढलीत (हसू नका, लोक काढतात, कर्ज पण मिळतं) तर ती कधीतरी बंद पडणार हे धरूनच चाला आणि पहिल्या दिवसापासून काळजी फक्त कोडची करा. विमानं बहुतेक भाड्याची, ती ज्याची तो घेऊन जाईल. बाकी किडूकमिडूक बँक नेईल. स्टाफला घरदार असतं, तो घरी बसेल. पण तिकिटावर फ्लाइट नंबरच्या आधी जी दोन अक्षरं असतात, नाइन-डब्ल्यू, जी-एट वगैरे, ती बिचारी एका रात्रीत पोरकी होतात हो.

आता कोड आपल्या बापाचा आहे अशा भ्रमात राहू नका. मालक आयाटा, म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना, ऑफिस माँट्रियालला, तुम्ही भाडेकरू, आणि तेही पागडीवाले नाही, साधे अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवाले समजा. दुकान बंद झालं की ठराविक मुदतीनंतर खोली दुसऱ्याला. कारण जागाच नाही. दोन्ही आकडे चालत नाहीत, बाकी अक्षरं-आकडे कसेही फिरवा, जास्तीत जास्त १,१९६ कोड होतात, अख्ख्या जगासाठी. त्यामुळे कधीकधी एकाच खोलीत दोन बिऱ्हाडं ठेवतात, म्हणजे दोन कंपन्यांना एकच कोड, अट एवढीच की दोघींचे रूट एकमेकींच्या वाटेत यायला नकोत. कंट्रोल्ड डुप्लिकेट म्हणतात त्याला. (तीन अक्षरी कोडही असतो, कंट्रोल टॉवरवाल्यांचा, तिथे १७,५७६ जागा आहेत, पण तिकिटावर मिरवता येत नाही तर काय उपयोग.)

कोड निवडताना जरा शकुन बघा. किंगफिशरने घेतला होता आयटी. आता इन्कम टॅक्सचं नाव कपाळावर गोंदवून फिरल्यावर काय होणार, २०१२ साली त्याच खात्याने बँक अकाउंटं गोठवली, ऑक्टोबरात विमानं जमिनीवर. मालक २०१६ मध्ये यूकेला गेले. आणि यूके हा कोड तोवर विस्ताराकडे गेलेला, नाहीतर तोच मागून घेता आला असता. बँकांचे ९,००० कोटी कुठे आहेत ते बँका पुढे कित्येक वर्षं शोधत होत्या, पण आयटीची काळजी नको, तो २०१४ मध्येच टायगरएअर तैवानकडे कामाला लागला, मजेत आहे. बुडालेल्या अमेरिकन पॅन अ‍ॅमचा पीए पाकिस्तानातल्या एअरब्लूकडे, तिकडच्याच टीडब्ल्यूए कंपनीचा टीडब्ल्यू कोरियातल्या टी-वेकडे. कोयनेच्या धरणग्रस्तांनी इकडे जरूर लक्ष द्यावं, पुनर्वसन असं असतं.

फक्त सेकंडहँड कोड घेताना आधीचा भाडेकरू कसा गेला ते शेजाऱ्यांना विचारून घ्या. एबी हा एअर बर्लिनचा, ती २०१७ मध्ये गेली. मग तो ऑस्ट्रेलियातल्या बोन्झा नावाच्या कंपनीने घेतला, ती २०२४ च्या एप्रिलमध्ये गेली. मी काही म्हणत नाही, पण निदान एक नारळ फोडायला काय हरकत होती.

बुडवायचंच असेल तर इटलीवाल्यांसारखं बुडवा. १४ ऑक्टोबर २०२१ ला अलिटालिया बंद, १५ तारखेला आयटीए एअरवेज सुरू, कोड तोच एझेड, जुनं नावही ९ कोटी युरो देऊन विकत घेऊन ठेवलं. तेराव्याला पण थांबले नाहीत.

नाहीतर मग आपलं विलीनीकरण आहेच, त्यात कोड मरत नाही, सासरी जातो आणि नाव बदलतो. इंडियन एअरलाइन्सचा आयसी, कंदाहारच्या विमान अपहरणामुळे पोराटोरांना पाठ झालेला, २०११ मध्ये एअर इंडियाच्या एआयमध्ये विरघळला. विस्ताराचं यूके ९५५ नोव्हेंबर २०२४ मध्ये एआय २९५५ झालं, पुढे एक दोन लावला, झालं, तीच विमानं तेच लोक.

जेट एअरवेजच्या स्टाफचं मात्र चुकलंच. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं आणि हजारो लोक थकलेल्या पगाराचा हिशोब घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशनची ऑर्डर दिली तोवर साडेपाच वर्षं गेली होती. त्यांनी माणसं म्हणून क्लेम लावले ना, तिथेच घोळ झाला. दोन अक्षरं म्हणून अर्ज केला असता तर रांग केवढी छोटी.

आणि तुम्ही नुसते प्रवासी असाल, बंद पडलेल्या कंपनीचं रिफंड अडकलं असेल, तर जुना बोर्डिंग पास फेकू नका. माझा आहे अजून, कपाटात, लाइट बिलांच्या खाली, छपाई पार उडालीय पण कोड वाचता येतो. मध्यंतरी परदेशातल्या एका एअरपोर्टवर बोर्डाकडे बघत उभा होतो तर तीच दोन अक्षरं, वेगळ्याच कंपनीच्या नावापुढे, ऑन टाइम. काउंटरपर्यंत गेलो पण हो मी. पोरगी गोड हसली, म्हणाली हाऊ कॅन आय हेल्प यू, आणि साडेचार हजार रुपये मागायची काही हिंमत झाली नाही.